ओल्या केसांची बातमी

माझ्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या बाईला मी फोनवरच सांगून ठेवते, येताना दोन गोष्टी आणा. एक म्हणजे घरच्या पाण्याची बाटली. प्यायच्या नाही, आंघोळीच्या. आणि दुसरी, तुमचा रोजचा कंगवा, न धुता. बायका हसतात. एकीने तर विचारलं होतं, "ताई, हे पार्लर आहे की लॅब?" पण आणतात. मग मी ते पाणी वाटीत घेते, त्यात साबणाचा तुकडा फिरवते आणि फेस येतो का बघते. फेस न येता वर पांढरट साय धरली, की माझं निम्मं निदान झालं. उरलेलं निम्मं कंगव्यात सापडतं.

अठ्ठावीस वर्षं मी जळगावात हे काम करते आहे. माहेर धुळ्याचं. लग्नाआधी तिथे सहा महिन्यांचा कोर्स केला, त्यात भुवया कोरायला, फेशियल करायला आणि नवरीचा अंबाडा घालायला शिकवलं. रोजच्या केसांचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही. ते मी इथल्या पाण्याकडून आणि उन्हाकडून शिकले. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड, की बादलीच्या काठावर पांढरं कडं धरतं. बादलीची ही दशा, तर केसांची काय होत असेल? शिवाय मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दहा वाजताच चटका देतं. बायका घरातलं सगळं आवरून बारा वाजता त्या पाण्याने डोकं धुतात आणि मला विचारतात, "ताई, केस गवतासारखे का झाले?"

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. रावेरकडची एक बाई मोबाइलवर बघून डोक्यावर केळ्याचा गर थापून आली होती. घरची बाग, त्यामुळे हात सढळ. सहा केळी! तिचे केस कुरळे, दाट. गर आत वाळून बसलेला. दीड तास मी एकेक बट धरून केळं वेचत होते आणि ती मला समजावत होती की फळ एकदम अस्सल आहे, पावडर न मारता पिकवलेलं. शेवटी मी म्हटलं, "वहिनी, पुढच्या खेपेला एवढी केळी मला द्या, मी शिकरण करते. डोक्याला तेल लावा." तेव्हापासून दर हंगामाला माझ्याकडे फणी येते. केळ्याची.

खरं सांगू का, केसांना फार काही लागत नाही. त्यांना ठरलेलं लागतं. आज हे लावलं, उद्या ते, मग तीन आठवडे काहीच नाही आणि लग्न आलं की एका दिवसात पाचशे गोष्टी, याने केस वैतागतात. माझा नेम साधा आहे. आठवड्यातून दोनदा डोकं धुवायचं, सकाळी, टाकी तापायच्या आत. धुण्याआधी तासभर तेल, चमचाभर पुरे, वाटीभर नको. शिकेकाई असो की शाम्पू, तो टाळूला चोळायचा, टोकांना नाही. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळून ठेवायचा. ओल्यात कंगवा घालायचा असेल तर रुंद दातांचा, आणि खालून वर सोडवत यायचं. तीन महिन्यांनी टोकं कापायची. कुरळे असतील तर कुरळेच ठेवायचे. देवाने दिलेलं वळण इस्त्रीने सरळ करून घ्यायला येणाऱ्या मुली मी परत पाठवते, आणि त्यांच्या आया माझ्यावर रागावतात. गोल चट्टे पडले असतील किंवा टाळूला खपल्या असतील तर मी हातच लावत नाही, सरळ डॉक्टरकडे धाडते. बाकीच्यांना हा नेम मी गुलाबी कार्डावर लिहून देते. वर मोठ्या अक्षरात वार असतात: बुधवार, रविवार.

वार का लिहायचे, तेही अनुभवाने कळलं. नुसतं 'दोनदा' लिहिलं तर बायका सोमवार उपासाचा म्हणून सोडतात, गुरुवार गुरूचा, शनिवार मारुतीचा. मधे एकादशी येते, अमावास्या येते, मुलाचा जन्मवार येतो. एका जामनेरच्या मास्तरीणबाईंबरोबर मी कॅलेंडर घेऊन बसले होते. सगळं खोडून झाल्यावर त्या महिन्यात डोकं धुवायला चार दिवस उरले, आणि त्यातले दोन लागोपाठचे. त्या म्हणाल्या, "मग दोन्ही दिवस धुते, हिशेब पुरा होईल." तेव्हापासून मी वार ठरवून देते आणि सांगते, देवाचं मी बघून घेईन. इतक्या वर्षांत घरोघरच्या न्हाण्याचे सगळे अडथळे मला पाठ झाले आहेत, अशी माझी पक्की समजूत होती. ती सुवर्णाने मोडली.

सुवर्णा हे तिचं खरं नाव नाही. धरणगावच्या कापूसवाल्या घरातली सून, वय सत्तावीस-अठ्ठावीस, लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. पहिल्यांदा आली ती डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळून. ओढणी काढली तशी मी खुर्ची उजेडाकडे वळवली. कमरेपर्यंतचे, मुळात सुंदर, लाटालाटांचे केस, पण टाळूवर कोंड्याचा थर आणि भांग दोन बोटं रुंद झालेला. तिच्या कंगव्यात तर केसांचं घरटंच होतं. मी आधी तिला डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी रक्त तपासलं, औषध दिलं, औषधी शाम्पू दिला आणि म्हणाले, डोकं स्वच्छ ठेवा. म्हणजे गाडी पुन्हा माझ्या दारात. मी गुलाबी कार्ड लिहून दिलं, सगळं दोनदा समजावलं. ती मान हलवत होती. जाताना म्हणाली, "करते ताई. नक्की करते."

दीड महिन्याने आली तेव्हा डोकं होतं तसंच, किंबहुना जास्त वाईट. लग्नसराई होती, पार्लर भरलेलं. माझा पारा चढायला तेवढं पुरे असतं. मी सगळ्यांसमोर तिचा भांग दोन बोटांनी फाकवला आणि म्हणाले, "किती दिवसांत धुतले नाहीस? वीस? कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवलंस? माझ्याकडे कोंड्याला औषध आहे, आळसाला नाही." खुर्च्यांवरच्या बायका हसल्या. सुवर्णाने ओढणी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते. कडक बोललं की बायका सुधारतात, असा माझा जुना समज. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते.

मे महिन्यात एका दुपारी दीडच्या सुमाराला ती पुन्हा आली. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आत मी आणि कूलर. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, मी आळशी नाहीये."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. मग ती बोलायला लागली, आरशाकडे बघून, माझ्याकडे नाही.

"आमच्या घरी आता बाजूला बसायचं वगैरे काही पाळत नाहीत. फक्त चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करायची, एवढंच राहिलंय. न्हाणीघर अंगणाच्या टोकाला आहे. तिथून घरात यायचं तर अक्कांच्या खाटेपुढून यावं लागतं. माझं डोकं ओलं दिसलं, की अक्कांना कळतं."

अक्का म्हणजे तिची सासू.

"काय कळतं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"की याही महिन्यात काही नाही," सुवर्णा म्हणाली. "त्या बोलत नाहीत ताई. कधीच एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्या केसांकडे बघतात, आणि मान वळवून पुन्हा धान्य निवडायला लागतात. तेवढंच. पण ते बघणं मला दिवसभर पुरतं."

"मग माझं कार्ड?"

"केलं ना. दोन आठवडे केलं. बुधवारी धुतले, रविवारी धुतले, परत बुधवारी धुतले. अक्का घाबरल्या. यांना म्हणाल्या, 'सूनले डॉक्टरकडे लई जाय, तिले आठवडामा दोनदा येस, काहीतरी बिघाड शे.'"

मला हसू आलं. तीही हसली, आणि हसता हसताच रडायला लागली.

मग राहिलेलं सांगितलं. डॉक्टरच्या भीतीने तिने डोकं धुणंच बंद केलं. महिन्याची अडचण आली आणि गेली, ती नुसती अंगावरून पाणी घेत राहिली. दहा दिवस गेले, पंधरा गेले. अक्का काही बोलल्या नाहीत, पण सुवर्णाच्या ताटात तूप जास्त पडायला लागलं. तिला भरलेली बादली उचलू देईनात. शेजारणीच्या कानावरही काही गेलं असावं, कारण ती येऊन उगाच पाठीवरून हात फिरवून गेली. विसाव्या दिवशी ती माझ्याकडे आली होती, आणि मी चारचौघींत तिची शोभा केली होती. घरी जाऊन तिने डोकं धुतलं.

"मग?" मी विचारलं.

"मग तूप बंद झालं," ती म्हणाली.

पाण्याची बाटली तपासणारी, कंगवा तपासणारी मी शहाणी. त्या न्हाणीघरापासून खोलीपर्यंतच्या वाटेत काय आहे, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. सुवर्णाला काय हवं होतं? तिला सासूशी भांडायचं नव्हतं. नवऱ्याला मधे घालायचं नव्हतं. तिला डोकं धुवायचं होतं, आणि ती बातमी होऊ द्यायची नव्हती. ते जमलं नाही तर वर्षभरात भांगावर टक्कल दिसणार, हे मला समोर दिसत होतं. मग घरात तिच्या टकलाकडेही बघणं सुरू झालं असतं.

सुवर्णा जायला उठली तेव्हा मी म्हटलं, "अक्कांच्या डोक्याला खाज आहे का गं?"

"आहे. त्या पंधरा दिवसांनी एकदा धुतात. का?"

"पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये."

ती दारातून परत आली. "ताई, तुम्ही काही बोलणार तर नाही ना? एक शब्द जरी बोललात तर मी त्या घरात मान वर करू शकणार नाही."

मी शब्द दिला. माझी जीभ मला माहीत आहे, तिच्यावर लगाम राहत नाही. त्यामुळे शब्द देताना मलाच धाकधूक होती.

पुढच्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाच्या कापडखरेदीला दोघी जळगावला आल्या आणि सुवर्णाने अक्कांना माझ्याकडे आणलं. पासष्टीच्या, उंच, नऊवारीतल्या. दारात चप्पल काढून आत आल्या. खुर्चीवर टेकायला तयार नव्हत्या. "माले काय नवरी व्हनं शे का?" म्हणाल्या. "सूनना केस दखा. मना काय दखतस?" सुनेचे बघा, माझे काय बघता, असा सूर.

मी धुळ्याची. दुकानात प्रमाण मराठी बोलते, पण अहिराणी माझी मायबोली. मी म्हटलं, "अक्का, घरमा कंगवा कितला शेतस?"

अक्कांनी माझ्याकडे नीट बघितलं. "एकच शे."

"बठ्ठासना एकच? मंग सूनना कोंडा कसा जाई? ती धोई, नि तुमना कोंडा परत तिना डोकामा. घरमा जितल्या बाया शेतस, बठ्ठ्यासनी एकाच दिवशी डोकं धवाले पाह्यजे. बुधवारे नि रविवारे. नहीतर मना इलाज चालाव नही."

एका कंगव्याने कोंडा पसरतो, म्हणून घरातल्या सगळ्या बायकांनी एकाच दिवशी डोकं धुवायचं, हे मी खोटं बोलले. कोंडा काही एका डोक्यावरून उडी मारून दुसऱ्यावर जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षांत गिऱ्हाइकाला जाणूनबुजून चुकीचं सांगितल्याची ही एकच वेळ. पण माझं गणित साधं होतं. अक्कांचं वय झालेलं, त्यांच्या ओल्या केसांतून कुणाला काहीच कळणार नव्हतं. घरात एक नणंद होती, कॉलेजला जाणारी. तिघी जणी बुधवारी आणि रविवारी ओल्या केसांनी अंगणात बसल्या, तर ओले केस म्हणजे नुसते ओले केस. बातमीच संपली. चौथा दिवस मंगळवारी आला तर तो बुधवारपर्यंत थांबेल, एवढी सोय सुवर्णा करून घेऊ शकत होती.

अक्कांनी खुर्चीची गादी हाताने दाबून बघितली. सुवर्णा मागे उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी आरशातून तिच्याकडे बघणं टाळलं. मग अक्का खुर्चीत टेकल्या, अंबाडा सोडला आणि म्हणाल्या, "धव मंग. दखू तरी."

मी स्वतः त्यांचं डोकं धुतलं. पांढरे, पातळ, पण काय मऊ केस होते! गुलाबी कार्ड लिहून त्यांच्या हातात दिलं, सुवर्णाच्या नाही. तीन कंगवेही दिले, तीन रंगांचे, म्हणजे खोट्याला थोडं तरी खऱ्याचं बळ.

चार महिन्यांनी सुवर्णा आली तेव्हा तिने ओढणी गळ्यात घेतली होती, डोक्यावर नाही. भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर उंचीचे नवे केस उभे राहिले होते, विंचरून न बसणारे, हट्टी. असे केस बघितले की मला जे वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. कपाशी उगवून आलेली बघायला शेतकरी पहाटे बांधावर जातो ना, तसं काहीसं. मी तिची टोकं कापली, लाटा तशाच ठेवल्या. ती सांगत होती की बुधवारी सकाळी सगळ्यात आधी अक्काच न्हाणीघरात जातात आणि बाहेर येऊन हाका मारतात, "चला वं, पानी तपी जाई!" नणंदेला कंटाळा आला तर तिलाही ओरडतात. माझं नेमाचं कार्ड इतकं कुणीच पाळलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि थोपटली तर थोपटली.

त्यानंतर हिवाळ्यात अक्का एकट्याच आल्या. बस पकडून, टोकं कापायला. धरणगावहून जळगावला, टोकं कापायला! मी केसांना पाणी लावलं, कात्री हातात घेतली. अक्का आरशात बघत म्हणाल्या, "माय, एक इचारू? कोंडा काय उवा शेतस का, एकना डोकावरथीन दुसराना डोकावर जावाले?"

माझी कात्री थांबली.

"माले त्याच दिवशी समजनं व्हतं," अक्का म्हणाल्या. "मी अडाणी शे, पन इतली नही."

सुवर्णाला दिलेला शब्द मोडला की काय, या भीतीने मी खुर्चीचा हात घट्ट धरला. अक्कांनी खुर्चीच्या हातावरचा माझा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांना स्वतःला सात वर्षं मूल नव्हतं. त्यांची सासू त्यांचे ओले केस बघितले की भांडी आपटायची. "मी गोवऱ्यासना उडवाना मांगे बशीसन केस सुकाडू," त्या म्हणाल्या. गोवऱ्यांच्या ढिगामागे, कुणाला दिसू नये म्हणून. "थंडीमाबी. म्हनू, वाळी गयात मंग घरमा जावा." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी सूनपुढे कधी भांडा नही आपटात. माले वाटे, मी चांगली सासू शे. मी नुसती दखू. पन तेबी तेच ना, माय? दखनं म्हंजे बी आपटनंच."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला माझ्याकडे हात मोकळा नव्हता, कारण एका हातात कात्री होती आणि दुसरा त्यांनी सोडलाच नाही. मीही रडले. पार्लरमध्ये आणखी दोन बायका होत्या, त्यांना वाटलं घरात कुणी गेलं.

"मंग खोटं शे हाई ठाऊक असूनबी तुम्ही केस कसाले धोयात, अक्का?" मी विचारलं.

"तिले कसं सांगू, का आते मी दखाव नही?" अक्का म्हणाल्या. "सांगता येस नही. धवता येस."

हे सगळं लिहू का, असं मी दोघींना वेगवेगळं विचारलं. सुवर्णा म्हणाली, नाव बदला. अक्का म्हणाल्या, लिही, पण माझ्या सासूबद्दल फार वाईट लिहू नको, तिलाही कुणीतरी बघत असेल.

आता ही गोष्ट मी कुणाला सांगितली, की ऐकणारी बाई सगळ्यात आधी एकच विचारते, "मग पुढे झालं का काही?" मला ठाऊक नाही. मी विचारत नाही. बुधवार आणि रविवार, धरणगावच्या त्या अंगणात तीन बायका ओले केस मोकळे सोडून उन्हाला बसतात. त्यातल्या एकीच्या केसांत काय बातमी आहे, ते अक्कांनाही कळत नाही. ते आता सुवर्णाचं तिला एकटीला ठाऊक असतं.